आठ मीटरची चूक

पनवेलला आलेल्या पाहुण्याला आम्ही पनवेलकर आधी तळी मोजून दाखवतो. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे ही नावे एका दमात घेतो, आणि बेने इस्रायली मंडळींच्या जुन्या वस्तीची आठवण सांगणारे इस्रायल तळेही त्यांत जोडतो. पण यांतल्या एखाद्या तळ्याचा काठ शंभर वर्षांपूर्वी नेमका कुठे होता असे पाहुण्याने विचारले, तर आमचा हात हवेत फिरतो. "हे असं इथपर्यंत पाणी असायचं." या फिरणाऱ्या हाताच्या जागी नकाशा ठेवावा, एवढ्याच इच्छेने बारा-तेरा वर्षांपूर्वी मी या कामात शिरलो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; आयुष्यभर हिशेबनिसाची नोकरी केली. भूमापनाचे शिक्षण नाही, वास्तुशास्त्राचेही नाही. जे शिकलो ते पुस्तकांतून, क्यूजीआयएससारख्या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर रात्री बसून, आणि त्याहून जास्त चुकांतून. त्यांतली एक चूक आठ मीटरची होती. जुन्या वास्तूंच्या आणि परिसराच्या डिजिटल नोंदींबद्दल हल्ली पुष्कळ उत्साहाने बोलले जाते. तो उत्साह मलाही आहे. पण नोंद विश्वासार्ह केव्हा होते, हे मला त्या आठ मीटरांनी शिकवले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तळ्यात गेलेले दुकान

सात-आठ वर्षांपूर्वी गावातल्या एका तळ्याचा जुना नकाशा माझ्या हाती लागला. तळ्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक तळ्याची नव्हती, आणि काठावरच्या माणसांना पुन्हा त्रास नको. नकाशा नगर भूमापनाचा, १:५०० प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवरचा अर्धा मीटर. माझ्याकडे होती ती छायाप्रतीची छायाप्रत. ती स्कॅन करून मी आजच्या उपग्रहचित्रावर बसवली. या बसवण्याला भूसंदर्भन म्हणतात. जुन्या नकाशावर आणि आजच्या चित्रावर, दोन्हीकडे ओळखू येतील अशा जागा शोधायच्या आणि त्यांच्या जोड्या लावून द्यायच्या. त्या जोड्यांच्या आधाराने संगणक जुना नकाशा फिरवतो, ताणतो आणि नव्यावर बसवतो.

मी चार जोड्या दिल्या. पडद्यावर जुना काठ निळ्या रेषेने उमटला आणि पश्चिमेला आजच्या काठाच्या चक्क आठ मीटर बाहेर गेला. त्या आठ मीटरांत आज दुकानांची एक ओळ आहे.

मला झालेला आनंद आज सांगायला लाज वाटते. एका व्याख्यानात मी तो नकाशा दाखवला आणि "तळे आठ मीटर खाल्ले गेले" असे ठणकावून सांगितले. ते वाक्य माझ्याआधी तळ्याकाठी पोहोचले. चौथ्या दिवशी सकाळी त्या ओळीतले एक वयस्कर दुकानदार माझ्या दारात उभे. हातातल्या पिशवीत मालमत्ता पत्रक आणि वडिलांच्या वेळेपासूनच्या घरपट्टीच्या पावत्या. भांडले नाहीत, चहाही घेतला नाही. एवढेच म्हणाले, "भाऊ, तुमच्या नकाशात माझं दुकान पाण्यात आहे म्हणतात. खरं काय ते सांगा. तसं असेल तर मुलाला दुसरीकडे गाळा बघायला सांगतो."

मी तोंड भरून बोललो होतो, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या एका भूकरमापक काकांकडे गेलो. त्यांनी निळ्या रेषेकडे पाहिलेही नाही. पहिला प्रश्न आला, "जोड्या कुठे दिल्यात?"

चारपैकी तीन पूर्वेला, बाजाराच्या अंगाला होत्या, कारण ओळखू येणारे कोपरे तिकडेच होते. पश्चिमेला एकच, देवळाच्या आवाराचा कोपरा. काका हसले. "हे आवार मागाहून वाढवलंय. जुना कोपरा आत, पारापाशी. नकाशा खोटं बोलत नाही हो, पण तुम्ही त्याला टांगलात कुठे?"

पश्चिमेची सगळी मदार त्या एका कोपऱ्यावर होती आणि तो कोपराच जागचा हललेला होता. तीन जोड्या एका बाजूला एकवटलेल्या असल्यामुळे पूर्वेचा भाग जागच्या जागी राहिला. दार बिजागरीपाशी बोटभर सरकले तरी मोकळ्या कडेला हातभर सरकते, तसा माझा पश्चिम काठ सरकला होता. शिवाय छायाप्रत काढताना कागद ताणला जातो, घडीवर चुरगळतो. ते मी हिशेबात धरलेच नव्हते.

काकांबरोबर दोन रविवार फिरून आम्ही तळ्याच्या चारही अंगांना जुनी जोती, विहिरीचा काठ आणि हद्दीचे दगड शोधले आणि नऊ जोड्या लावल्या. नऊपैकी प्रत्येक जोडी किती चुकते तेही मांडले. आता जुना आणि नवा काठ यांत फरक उरला मीटरभराचा, आणि नकाशाच्या बसवणीतली शंका होती दीड मीटरची. म्हणजे त्या बाजूला काठ सरकला असे म्हणायला आधार नव्हता. सरकलाच नाही असे शपथेवर सांगायलाही नव्हता.

दुकानदारांना जाऊन सांगितले. पुढच्या व्याख्यानात जाहीर दुरुस्ती केली. पहिल्या व्याख्यानाला सभागृह भरले होते, दुसऱ्याला निम्मे लोक होते. उरलेल्या निम्म्यांच्या मनात ते दुकान अजूनही पाण्यातच असेल.

कुठून मोजले?

मोजणीचा पहिला प्रश्न किती हा नसून कुठून हा आहे, हे मला उशिरा कळले. आपल्याकडच्या जुन्या मोजणीत हे मुरलेले आहे. गुंठा हा शब्द आपण रोज वापरतो. ३३ फूट लांबीच्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मुंबई इलाख्यात १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी महसुली मोजणी घडवली, तिच्या परंपरेतली ही साखळी. तिचे सोळा आणे असत, म्हणजे एक आणा सुमारे दोन फुटांचा. साखळी ज्या आण्यापर्यंत वाचली, त्याहून बारीक प्रश्न त्या टिपणाला विचारू नये. मोजणीदाराने आण्यांत लिहिले आणि आपण ते सेंटिमीटरांत वाचू लागलो, तर दोष मोजणीदाराचा नाही.

दुसरी गंमत मोठ्या नकाशांची. विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ १० एप्रिल १८०२ रोजी पहिली आधाररेषा मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणांवर त्रिकोण रचत हिंदुस्थानची महामोजणी वर सरकली. त्या मोजणीसाठी पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला, तो जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाने ओळखला जातो, साल १८३०. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे त्या आकारावर बेतलेले आहेत. आपल्या मोबाइलमधले जीपीएस मात्र १९८४ साली ठरलेला, साऱ्या जगासाठीचा दुसरा आकार वापरते. अक्षांश-रेखांशांचे आकडे तेच ठेवून एका पद्धतीतून दुसरीत उडी मारली, तर पनवेलच्या आसपास जागा पन्नास मीटरांहून जास्त सरकते. २००५ च्या नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुली असलेली नकाशामाला नव्या पद्धतीवर आली. जुने कागद मात्र जुन्याच पद्धतीत बोलतात.

हे मला ठाऊक नव्हते तेव्हा कर्नाळ्यावर मी सुळक्याच्या पायथ्याच्या टाक्यांच्या जागा मोबाइलवर टिपल्या आणि जुन्या नकाशावर मांडल्या. टाकी कड्यावरून खाली हवेत लोंबकळू लागली. ही चूक परवडली, कारण ती डोळ्यांना लगेच दिसली. पन्नास मीटरची चूक वेडगळ दिसते आणि पकडली जाते. आठ मीटरची चूक शहाण्यासारखी दिसते आणि व्याख्यानात जाते.

वाड्याचे हजार डोळे

तळ्याच्या धड्यानंतर मी वाड्यांकडे वळलो. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ पासूनची. त्यामुळे पनवेल जुने गावही आहे आणि नवे शहरही. जुन्या वस्तीतले वाडे एकेक करून उतरतात आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहतात. त्याबद्दल मालकांवर रागावण्यात अर्थ नाही. सहा भावांच्या वारसांना गळकी कौले पुरत नाहीत. पण उतरण्यापूर्वी वाडा मोजून ठेवता येतो.

त्यासाठी आज सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे साधा कॅमेरा. या विद्येचा जनक अल्ब्रेख्त मायडेनबावर हा जर्मन वास्तुरचनाकार. १८५८ मध्ये वेट्झलारचे कॅथेड्रल हाताने मोजताना तो उंचावरून पडता पडता वाचला, आणि भिंतीवर न चढता छायाचित्रावरून मोजता येईल का, असा विचार त्याने सुरू केला. पुढे १८८५ मध्ये बर्लिनमध्ये वास्तूंच्या अशा मोजणीसाठी सरकारी संस्थाच उभी राहिली.

तत्त्व आपल्या दोन डोळ्यांचे आहे. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला जा, अंतर कळत नाही. दोन जागांवरून पाहिले की कळते. वाड्याभोवती पावलापावलाने फिरत शेकडो छायाचित्रे काढायची. प्रत्येकात आधीच्या छायाचित्राचा साधारण तीन चतुर्थांश भाग पुन्हा आला पाहिजे. संगणक त्यांतले समान ठिपके ओळखतो, कॅमेरा कुठे कुठे उभा होता ते काढतो आणि लाखो बिंदूंचा एक ढग तयार करतो. मात्र या ढगाला आकार असतो, माप नसते. वाडा खरा आहे की खेळण्यातला, हे छायाचित्रांना कळत नाही. त्यासाठी चित्रात ज्ञात लांबीच्या पट्ट्या ठेवाव्या लागतात, किंवा भिंतींवर खुणा लावून त्यांच्यातली अंतरे टोटल स्टेशनने किंवा निदान चांगल्या टेपने मोजावी लागतात. काही खुणा हिशेबाबाहेर राखून ठेवायच्या आणि शेवटी ढगातले अंतर त्यांच्याशी ताडून पाहायचे. हिशेबनीस म्हणून मला ही पद्धत ओळखीची होती. जमाखर्च लिहिणाऱ्यानेच तपासणी करू नये, हा तोच नियम.

लेझर स्कॅनर वेगळ्या वाटेने जातो. तो प्रकाश सोडतो आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो, यावरून त्या यंत्राला वेळ किती बारीक मोजावी लागत असेल ते कळेल. पॅरिसच्या नोत्र दामचे असे स्कॅनिंग अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने २०१० मध्ये केले होते. पन्नासहून अधिक जागांवरून, अब्जाहून अधिक बिंदू. १५ एप्रिल २०१९ च्या आगीपूर्वी काही महिनेच टॅलन वारले, पण पुनर्बांधणीच्या वेळी त्यांची मोजणी हाताशी होती. डिसेंबर २०२४ मध्ये ते कॅथेड्रल पुन्हा उघडले.

माझ्या वाट्याला आलेला वाडा एवढा मोठा नव्हता. दुमजली, पुढे ओटा, आत चौक, मागे विहीर. पाडण्यापूर्वी मालकांनी मला तीन दिवस दिले. घरी येऊन आराखडा काढला तेव्हा हिशेब जुळेना. बाहेरून घेतलेल्या मापातून आतल्या खोल्या आणि नेहमीच्या भिंती वजा केल्या तरी माजघर आणि देवघर यांच्यामध्ये जवळपास मीटरभर जागा शिल्लक राहत होती. आठ मीटरची आठवण ताजी होती, म्हणून आधी स्वतःवरच संशय घेतला. दुसऱ्या दिवशी टेपने पुन्हा मोजले. मीटर तसाच राहिला.

मालकांच्या आजी तेव्हा नव्वदीच्या पुढे होत्या, मुलीकडे राहत होत्या. त्यांना विचारले. त्या सहज म्हणाल्या, "अरे, तो जिना. भिंतीतला. माझ्या लग्नाआधीच बुजवला होता म्हणे. सासूबाई त्या भिंतीला जिन्याची भिंतच म्हणायच्या." पुढे भिंत उतरवताना खरोखरच आत दगडी पायऱ्या निघाल्या, वर मातीने आणि विटांनी भरलेल्या.

हजार छायाचित्रांनी ती भिंत इंचाइंचाने टिपली होती, पण जिना त्यांना दिसणार नव्हता. मापांनी फक्त एवढे सांगितले की इथे काही तरी आहे. काय आहे ते आजींच्या एका शब्दात होते. तेव्हापासून मी घरातल्या माणसांनी वापरलेली खोल्यांची, भिंतींची, कोनाड्यांची नावे आराखड्यावर जशीच्या तशी लिहितो, आणि कुणी सांगितले तेही टिपतो.

टेकडी, खार आणि उघाडी

वास्तूला निदान भिंती असतात. परिसराची नोंद त्याहून अवघड. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी, असे बारा. अशा नामांकनात किल्ल्याची हद्द आणि तिच्याभोवतीचा राखीव पट्टा नकाशावर नेमका आखून द्यावा लागतो. सुंदर आहे एवढे म्हणून भागत नाही. आमचा कर्नाळा त्या बारांत नाही. प्रबळगड आणि माणिकगडही नाहीत. त्यांच्या नोंदी आपल्यालाच ठेवायच्या आहेत.

पनवेलच्या पश्चिमेला तर भूदृश्यच बदलले. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले, दहा गावे उठली. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच डिसेंबरात विमाने उडू लागली. टेकडी होती याचा पुरावा जुन्या नकाशांच्या समोच्चरेषांत आहे. लॅन्डसॅट मालिकेचे उपग्रह १९७२ पासून चित्रे घेत आहेत आणि २००८ पासून ती कुणालाही फुकट मिळतात. १९८० च्या दशकापासूनच्या त्यांच्या बहुतेक चित्रांत एक ठिपका ३० मीटरचा. टेकडी गेली, खाडी वळली, हे त्यात स्वच्छ दिसते. माझ्या तळ्याचा आठ मीटरचा प्रश्न मात्र त्यांना विचारता येणार नाही. तो एका ठिपक्याच्या साधारण पावभागाएवढा आहे. प्रश्नाला पुरेल एवढी बारीक नोंद आहे का, हे आधी पाहावे लागते.

खाडीकाठच्या जमिनींत तर उपग्रहालाही हात टेकावे लागतात. वरून सगळा हिरवा-करडा चौकटींचा पट दिसतो. शेतकऱ्यांना त्यात खार जमीन दिसते, भरतीचे पाणी अडवणारा बांध दिसतो, पाणी सोडायची उघाडी दिसते. उघाडीचे दार कोण उचलत असे, बांध फुटला की कुणाच्या घरातला माणूस आधी धावत असे, ही व्यवस्थाच ते भूदृश्य टिकवून होती. उठलेल्या गावांतली वयस्कर माणसे आज वेगवेगळ्या वसाहतींत आहेत. त्यांच्यासमोर जुने चित्र ठेवले की बोट आपोआप फिरते आणि शेतांची नावे बाहेर पडतात. हे काम ड्रोनपेक्षा निकडीचे आहे, कारण उपग्रहाची चित्रे अमेरिकेत जपून ठेवलेली आहेत, ही नावे कुठेच ठेवलेली नाहीत.

ड्रोनचीही एक अडचण सांगून ठेवतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ड्रोन उडवायचा तर हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी लागते. पनवेल शहराचा बराच भाग आता त्या टप्प्यात येतो. कर्नाळ्याला अभयारण्य असल्याने वनखात्याची परवानगी वेगळी. नियम योग्यच आहेत. पण गच्चीवरून हौसेने ड्रोन उडवून नोंद करू, असे म्हणणाऱ्या मुलांना मी आता आधी कॅमेरा, टेप आणि वही घ्यायला सांगतो.

साक्षीदाराची उलटतपासणी

२४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरमालकांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. म्हणजे आता नकाशा फक्त अभ्यासकाच्या पडद्यावर राहिलेला नाही, तो घराघरात येतो आहे. त्यावर कर्ज मिळते, वाटण्या होतात, भांडणे सुटतात आणि लागतातही. अशा वेळी नकाशाकडे न्यायाधीश म्हणून पाहण्यापेक्षा साक्षीदार म्हणून पाहावे, असे मला वाटते. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची उलटतपासणी करता आली पाहिजे.

म्हणून माझ्या प्रत्येक नोंदीसोबत मी एक साधे पान जोडतो. कुणी मोजले, कोणत्या दिवशी, कोणत्या साधनाने. आधाराचे बिंदू कोणते आणि ते आजही जागेवर सापडतील का. अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीतले. राखून ठेवलेल्या खुणांशी ताडल्यावर किती फरक आला. काय मोजता आले नाही. जागेला तिथली माणसे काय म्हणतात आणि ते कुणी सांगितले. मूळ छायाचित्रे आणि मोजमापे सगळी जपून ठेवतो, कारण ढग बनवणारे सॉफ्टवेअर दहा वर्षांनी नसेल. साधी चित्रे आणि आकडे पुन्हा वापरता येतील. एक छापील प्रतही ठेवतो. दोन हार्डडिस्क गमावल्यावर आलेले हे शहाणपण आहे.

हे पान लिहायला नकाशा काढण्याइतकाच वेळ लागतो आणि ते कुणी मागत नाही. व्याख्यानात तर ते दाखवताच येत नाही. रंगीत ढग फिरवून दाखवला की टाळ्या पडतात, चुकांच्या तक्त्याला पडत नाहीत.

तळ्याचा दुरुस्त नकाशा मी त्या दुकानदारांना मोठ्या आकारात छापून दिला. वर्षभराने सहज डोकावलो तर तो गल्ल्याच्या मागे चौकटीत लावलेला. निळी रेषा त्यांच्या दुकानाच्या पायरीला चिकटून जाते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मी दीड मीटरचा फिका पट्टा दाखवला होता. त्यांचा नातू एका गिऱ्हाइकाला समजावत होता, "ही रेष म्हणजे जुना काठ. आणि हा फिका भाग म्हणजे, नक्की सांगता येत नाही तो."